अकिहाबारातले दोन ॲम्प्लिफायर आणि इंदूरची खोली

टोकियोला लेकीकडे जायचे ठरले तेव्हा ह्यांनी बॅगेत स्वेटरच्या आधी एक सीडी ठेवली. किशोरी आमोणकरांचा भूप. निवृत्त झाल्यावर घरी एक उत्तम ॲम्प्लिफायर घ्यायचा, हे आमच्याकडे पंधरा वर्षांपासून ठरलेले. त्याचे पैसेही वेगळे ठेवलेले. जपानला चाललोच आहोत, तर तो अकिहाबाराहूनच आणायचा, असा ह्यांचा हट्ट होता.

लेक राहते निशि-कासाईला. तिथे भारतीय कुटुंबे इतकी आहेत, की तूरडाळ आणि हिंग शोधायला फिरावे लागत नाही. जानेवारीतल्या एका बोचऱ्या सकाळी आम्ही तिघे निघालो. तोझाई मेट्रोने कायाबाचो, तिथे गाडी बदलून हिबिया मार्गाने अकिहाबारा.

या जागेच्या नावामागे आग आहे. १८६९ मध्ये इथे मोठी आग लागली. मग जागा मोकळी ठेवून १८७० मध्ये तिथे आगीपासून रक्षण करणारे देऊळ उभारले. लोकांनी ते अकिबा या देवाचे मानले आणि भोवतालच्या माळाला 'अकिबाचा माळ' म्हणू लागले. दुसऱ्या महायुद्धानंतर या भागात रेडिओच्या सुट्या भागांचे ठेले लागले. १९४९ मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवण्याचा हुकूम निघाला, तेव्हा बरेच विक्रेते रेल्वेच्या रुळांखाली सरकले. ती चिंचोळी दुकाने आजही आहेत. हातभर रुंद बोळ, दोन्ही बाजूंना छोटे खण आणि त्यांत बटणे, तारा, दिवे, गुंडाळ्या. डोक्यावरून लोकल धडधडत जाते. ह्यांना मुंबईचा लॅमिंग्टन रोड आठवला आणि तासभर ते तिथून हलेनात.

ॲम्प्लिफायरचे दुकान मात्र वेगळेच निघाले. आत देवळासारखी शांतता. विक्रेत्याने आमचे म्हणणे ऐकून घेतले आणि लक्समनचे दोन ॲम्प्लिफायर समोर मांडले. या कंपनीची सुरुवात १९२५ मध्ये ओसाकात झाली, तीही फोटोफ्रेमच्या दुकानातला रेडिओ विभाग म्हणून! दोन्ही यंत्रे दिसायला जुळ्या भावंडांसारखी. चंदेरी चेहरा, मधे काट्यांची दोन मीटर, वजन उचलणाऱ्याची कंबर धरेल इतके. एकाचे नाव एल-५५०एएक्स-२, दुसऱ्याचे एल-५०७यूएक्स-२. पहिला ८ ओहमच्या स्पीकरला प्रत्येक बाजूला २० वॅट देतो, दुसरा ११० वॅट.

"मग यात विचार काय करायचा? ११० घेऊया," मी म्हटले. ह्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी आमटीत साखर ओतली होती.

फरक आतल्या कामाच्या पद्धतीत आहे. २० वॅटचा 'क्लास ए' प्रकारचा. त्याचे ट्रान्झिस्टर कधी बंदच होत नाहीत. सिग्नलला थांबलेल्या रिक्षाने इंजिन चालू ठेवावे, तसे. गाणे असो वा नसो, वीज वाहत राहते आणि यंत्र चांगलेच तापते. दुसरा 'क्लास एबी'. त्यात ध्वनिलहरीचा वरचा अर्धा भाग एक जण उचलतो, खालचा दुसरा. रिले शर्यतीत काठी हातात द्यावी तसे. वीज वाचते, ताकद वाढते; पण काठी देताना हात अडखळू नये, याची काळजी बनवणाऱ्याला घ्यावी लागते.

सीडी लागली. आधी ११० वॅटचा ऐकला, मग २० वॅटचा. मला पहिला आवडला, भरदार वाटला. विक्रेता हसला. त्याने मीटर काढून दोन्हींचा आवाज मोजला. पहिला किंचित मोठा लागला होता! थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो, हे लेकीने त्याच्या वतीने आम्हाला समजावले. मग दोन्ही आवाज अगदी सारखे करून त्याने आम्हाला डोळे मिटायला सांगितले. दहा वेळा अदलाबदल केली. मी सहा वेळा बरोबर ओळखले, ह्यांनी पाच वेळा. नाणे उडवले असते तरी तेवढेच जमले असते. पंधरा वर्षे मासिके वाचणारे हे थोडे गप्प झाले.

मग त्याने कागदावर वॅटचे गणित मांडले. वॅट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट लागतात. त्यामुळे ११० वॅट म्हणजे २० वॅटच्या साडेपाचपट मोठा आवाज नव्हे. फरक जेमतेम साडेसात डेसिबलचा. रात्री हळू ऐकताना तर एक वॅटही पुरतो. पण गाणे एका वॅटवर चालू असताना तबल्याची थाप १५ डेसिबलने उसळली, तर त्या क्षणी ३० वॅट हवेत. तिथे २० वॅटचा दम संपतो आणि थाप फाटते.

शेवटी त्याने विचारले, "घरी खोली केवढी? स्पीकर कोणते? आणि वीज किती व्होल्टची?"

जपानमध्ये घरातली वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३० ची. तिथल्या बाजारासाठी बनलेले यंत्र इथे थेट जोडले तर जळणारच. व्होल्ट उतरवणारा जड ट्रान्सफॉर्मर कायम जवळ ठेवायचा आणि बिघडले तर दुरुस्तीला कुठे न्यायचे, हा प्रश्न उरतोच. "तुम्ही इथे घेऊ नका. तुमच्या देशात २३० व्होल्टचा मिळेल, तोच घ्या," असे सांगून त्याने स्वतःच स्वतःची विक्री मोडली आणि कमरेत वाकून आम्हाला निरोप दिला.

परतीच्या मेट्रोत हे बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लेकीकडच्या थंडीत मी २० वॅटचाच घेतला असता. गाणेही आणि ऊबही. पण इंदुरात मे महिन्यात चाळीस अंशांत शेगडी पेटवून भूप कोण ऐकणार?"

इंदूरला आल्यावर आधी खर्च केला तो खोलीवर. जाड पडदे लावले, फरशीवर सतरंजी घातली, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे ओढले. जुन्याच ॲम्प्लिफायरवर तानपुरा स्वच्छ ऐकू येऊ लागला. दोन्ही ॲम्प्लिफायरमधल्या फरकापेक्षा हा फरक मला कितीतरी मोठा वाटला, आणि तो ओळखायला डोळे मिटावे लागले नाहीत.

दिवाळीला २३० व्होल्टचा, ११० वॅटवाला घरी आला. तुम्हीही असे काही घेणार असाल, तर दुकानात जाताना आपली सीडी न्याच. पण खोलीचे माप, स्पीकरची माहिती आणि आपल्या गावचा मे महिनाही सोबत न्या.