अम्मीची उन्हाची दुआ

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात बर्फ दिसतो तो दोनच रूपांत. एक, सैलानीच्या यात्रेतला रंगीत गोळा. दुसरा, हाताशी आलेला गहू झोपवणारी गारपीट. बर्फाखाली माणसं गाडली जातात, हे आम्हाला टीव्हीवरच कळतं.

पिंपळगाव सराई हे नाव मला लहानपणापासून ठाऊक आहे ते सैलानी बाबांच्या दर्ग्यामुळे. तिथे नारळांची होळी पेटते आणि हिंदू-मुसलमान सगळेच जातात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेच नाव सियाचीनच्या बातमीत ऐकलं. गावचा अग्निवीर अक्षय गवते तिथे कर्तव्यावर असताना गेला होता. त्या दिवसापासून बर्फ आमच्या शेजारी येऊन बसला.

त्याच हिवाळ्यात माझा फौजी भाचा काश्मीरमध्ये उंचावरच्या चौकीवर गेला. २०२४ च्या मार्चमध्ये रमजान आणि सैलानीची यात्रा एकाच वेळी आली. अम्मी रोज इफ्तारच्या आधी हात उचलून म्हणायची, “या अल्लाह, मेरे बच्चे के वहाँ धूप निकाल दे.”

एका संध्याकाळी त्याचा फोन लागला. अम्मीने मोठ्या कौतुकाने दुआ सांगितली. तो हसला आणि म्हणाला, “नानी, धूप नको मांगो. ठंड ही अच्छी.”

अम्मी गप्प झाली. मीही चक्रावलो. मग त्याने मला समजावलं. हिवाळाभर डोंगरउतारावर बर्फाचे थर एकावर एक साचतात. वसंतातलं ऊन वरचा थर वितळवतं आणि पाणी खाली झिरपतं. रात्री कडक थंडी पडली की सगळं पुन्हा गोठून घट्ट होतं. पण रात्रीही ऊब राहिली, तर थरांची पकड सुटते. आपल्याकडच्या धाब्याच्या घरात पाणी मुरलं की आधी माती जड होते आणि मग अख्खं छत बसतं, तसंच. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर धोका सर्वात जास्त. म्हणून ते लोक उजाडायच्या आधी निघतात आणि उन्हं चढायच्या आत परततात. आपली सेहरीची वेळ, तीच त्यांची वाटेला लागायची वेळ.

हिमस्खलनाचा अंदाज द्यायला डीआरडीओची डीजीआरई ही संस्था आहे. तरी डोंगर काही हुकूम ऐकत नाही. भर थंडीतही तो कोसळतो. ३ फेब्रुवारी २०१६ ला सियाचीनच्या सोनम चौकीवर दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याचे सुनील सूर्यवंशी होते आणि कर्नूलचे मुश्ताक अहमदही होते. पलीकडच्या बाजूला, ७ एप्रिल २०१२ ला, गयारीच्या पाकिस्तानी तळावर कडा कोसळला आणि १४० माणसं गेली. २००३ पासून सियाचीनवर तोफा थांबल्या आहेत. बर्फाने मात्र कुठलीही युद्धबंदी मानलेली नाही. आमची देशभक्ती मोजायला काही लोक नेहमी फूटपट्टी घेऊन उभे असतात. सोनमच्या ढिगाऱ्याखाली ती फूटपट्टी कुणाला सापडली नाही.

मला त्या दिवसानंतर एक गोष्ट सतत टोचते. आपण ज्यांच्यासाठी दुआ मागतो, त्यांचं जगणं आपल्याला किती कमी ठाऊक असतं! उन्हाने करपणाऱ्या गावात बसून अम्मीने ऊन मागितलं, कारण लेकराला थंडी वाजत असेल एवढंच तिला कळत होतं. तिच्या मायेत काही कमी नव्हतं. फक्त तिथली हवा इथे कुणी सांगितली नव्हती.

भाचा त्या वर्षी सुट्टीवर सुखरूप आला. पण त्याआधीचे उरलेले रोजे मला जास्त आठवतात. बाहेर आमची चैताची लाही चालली होती, पंखा गरम वारा फेकत होता आणि दस्तरखानावर खजुरासमोर बसून अम्मी पुटपुटत होती, “या अल्लाह, वहाँ रात को खूब ठंड पड़ने दे.”

आम्ही सगळे म्हणालो, आमीन.