शेवटच्या तासाचा मजूर

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. पहाटे आलेल्या मजुराला एक दिनार ठरतो; दिवस मावळायच्या तासभर आधी आलेल्यालाही तेवढाच मिळतो. दिवसभर राबलेले कुरकुरतात.

वाचताना मला मजूर नाका आठवला. दुपारपर्यंत तिथे ताटकळणारे आळशी नसतात. त्यांना कुणी कामावर बोलावलेलं नसतं. गोष्टीतले शेवटचे मजूरही हेच सांगतात. चूल त्यांच्याही घरी पेटायची असते. आरक्षणाच्या वादात ‘आम्ही जास्त राबलो’ ही कुरकुर आपण रोज ऐकतो. आपल्या बापजाद्यांना नाक्यावर कुणी उभं ठेवलं, हे मात्र कुणी विचारत नाही.

तरीही मालकाचं उत्तर मला खटकतं: पैसा माझा, मी हवा तसा देईन. श्रद्धावंत म्हणतील, हा मालक म्हणजे देव. असेल. पण नाक्यावरचा मालक देव नसतो. आज उदार असलेला उद्या तोंड फिरवतो. म्हणून बाबासाहेबांनी आपल्याला कुणाच्या औदार्यावर सोडलं नाही. नोकरीतल्या समान संधीचा हक्क संविधानाच्या कलम 16 मध्ये आहे. मित्रांनो, उपकार आठवत बसू नका, हक्क वाचा.

जय भीम!