बुजलेल्या तळ्यांचं गाव

कपिलतीर्थावर आता मेथीची जुडी मिळते. कोवळी, हिरवीगार. घासाघीस करून ती पिशवीत टाकणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल की आपल्या पायाखाली एक तळं पुरलेलं आहे? वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. रावणेश्वराच्या तळ्यावर शाहू स्टेडियम उभं राहिलं. पेठांचे संघ तिथं फुटबॉल खेळतात आणि गॅलरी दणाणून सोडतात. खंबाळा, पद्माळा ही नावं उरली ती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. कोल्हापूर एके काळी तळ्यांचं गाव होतं. घाट होते, पायऱ्या होत्या, पायऱ्यांवर धुणी आपटल्याचे आवाज होते.

पावसाळ्यात मात्र वरुणतीर्थ परत येतं. आषाढाची झड लागली की गांधी मैदानात पाणी साठतं, वर्तमानपत्रात फोटो छापून येतो, आणि 'मैदानाचं तळं झालं' अशी तक्रार होते. तक्रार रास्त आहे, कारण त्या पाण्यात गटारही मिसळलेलं असतं. पण तो फोटो पाहताना मला दर वर्षी गलबलून येतं. पाणी आपल्याच घरी आलेलं असतं आणि आपण त्याला पंप लावून हाकलत असतो.

तळं बुजवायला मुरमाचा ट्रक शेवटी येतो. त्याच्या आधी फार काही होऊन गेलेलं असतं. आधी पाण्याला वास सुटतो. मग लोक त्या वाटेनं जायचं टाळतात, डास होतात, पोरांना तिकडं फिरकू देत नाहीत. मग एक दिवस कुणीतरी म्हणतं, 'त्यापेक्षा बुजवा की', आणि कुणालाच वाईट वाटत नाही. मुंबईत गेल्या शतकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या धास्तीनं असेच तलाव बुजवले गेले. धोबी तलाव, गोवालिया टँक ही नावं पाण्यावाचून राहिली. नासलेल्या पाण्याची बाजू घेऊन भांडायला कुणी उभं राहत नाही. म्हणून मी काठावरून भिरकावलेल्या पहिल्या पिशवीकडेच मुरमाची पहिली पाटी म्हणून बघते.

अजून शिल्लक असलेल्या रंकाळा तलावाच्या पायरीशी अडकलेली अशीच एक पिशवी मी काठीनं ओढून घेतली. गाठ इतकी घट्ट की नखानं सुटेना. आत झेंडूचा हार, दोऱ्यासकट. उदबत्तीचा रिकामा पुडा. नारळाची शेंडी. चुरगळलेली कापराची डबी, आणि तळाशी काच तडकलेली देवाची तसबीर. टाकणाऱ्यानं ती कचरा म्हणून टाकली नव्हती. देवाचं आहे, पायदळी नको यायला, म्हणून जपून गाठ मारून पाण्यात सोडली होती. त्या हातांवर मला रागावता येत नाही. पण पिशवीत हवा राहते, ती तरंगते. फुलं आत कोंडून सडतात, आणि पिशवी फुटली की तो लगदा पाण्यातला प्राणवायू खातो. पहाटे हा प्राणवायू सर्वांत कमी असतो. तेव्हा मासे वर येऊन तोंडं उघडझाप करतात. कोटितीर्थ तलावावर उलटे होऊन पांढरे पडलेले मासे कोल्हापूरनं पाहिले आहेत.

नाल्यांतून येणारं सांडपाणी तर बारमाही चालूच असतं. त्यातल्या खतावर केंदाळ पोसतं. हवा मानवली की पंधरवड्यात दुप्पट पसरतं. खाली उजेड जात नाही, वारा पाण्याला शिवत नाही. मग पोकलेन येतं, केंदाळ उपसून काठावर ढीग लागतात. ते तिथंच कुजले की त्यांचा रस पुन्हा पाण्यात उतरतो. एकदा पाण्यात गेलेलं बाहेर काढायला किती जड असतं, हे त्या ढिगाशेजारी नाक धरून उभं राहिल्यावर कळतं. प्लॅस्टिकबंदीची अधिसूचना २०१८ च्या मार्चमध्ये निघाली. पिशव्या अजून येतातच.

तरी याच गावानं मूर्तिदानाची रीत रुजवली. बाप्पाला निरोप देताना मूर्ती वाहत्या पाण्यात सोडायची नाही, ही कल्पना ऐकून सुरुवातीला लोक हबकले होते. आज इराणी खण या जुन्या दगडखाणीशी शिस्तीत रांगा लागतात आणि कुणाची श्रद्धा उणी झालेली दिसत नाही. जे मूर्तीचं जमलं, ते रोजच्या हाराचं का जमू नये?

वळीव दाराशी आला आहे. पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरचा सगळा उन्हाळा नाल्यांतून तळ्यात येईल: भेळेचे कागद, चमचे, गुटख्याच्या पुड्या. नाल्यांच्या तोंडाशी जाळ्या त्याआधी बसल्या पाहिजेत आणि रोज साफ झाल्या पाहिजेत. तेवढ्यासाठी आपल्या नगरसेवकाच्या दारात चार जण मिळून जा. निर्माल्य उघड्या परडीतून आणा, दोरा काढून निर्माल्यकुंडात घाला, नाहीतर घरच्या तुळशीच्या मातीत मिसळा. तसबिरीची काच-चौकट वेगळी करा. आणि शेजारचा कुणी गाठ मारलेली पिशवी घेऊन घाट उतरताना दिसला, तर त्याला हाक मारा, पायरीवरच थांबवा.