वेत आणि नाणी

छडी आणि विद्या यांचे नाते आपल्या समाजात इतके जुने आहे की, ते तोडू पाहणारा मनुष्य विद्येचाच वैरी ठरतो. अध्यापनात उभी हयात घालविलेल्या मजसारख्यास या नात्याची थोरवी वरचेवर ऐकावी लागते. अलीकडे ती ऐकण्याचे निमित्त मात्र अगदी अनपेक्षित होते. चेन कैगे या चिनी दिग्दर्शकाचा ‘फेअरवेल माय कॉन्क्युबाइन’ हा चित्रपट १९९३ साली कान येथील महोत्सवात सर्वोच्च पारितोषिकाचा वाटेकरी झाला होता. तो आम्ही काही स्नेही मंडळींनी एकत्र बसून पाहिला. पेकिंगच्या संगीत रंगभूमीसाठी पूर्वी लहान मुलांना कसे तयार करीत, याचे अंगावर काटा आणणारे चित्र त्यात आहे. चित्रपट संपला तेव्हा एक वृद्ध सहाध्यापक म्हणाले, “अहो, हे क्रूर खरे, पण असा मार खाल्ल्यावाचून असा नट निपजत नाही. वेत गेला आणि आपली मुले बिघडली!” सर्वांनी माना डोलावल्या. माझी मान मात्र डोलली नाही. ती का डोलली नाही, हे जरा विस्ताराने सांगावेसे वाटते.

प्रथम त्या शिक्षणाची रीत पाहू. बीजिंगमध्ये, म्हणजे आपल्या जुन्या पुस्तकांतल्या पेकिंगमध्ये, नट तयार करणाऱ्या शाळांना ‘केबान’ म्हणत. त्यांतली सर्वांत नावाजलेली शाळा १९०४ साली निघाली, १९१२ पासून ती ‘फुलियनचेंग’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९४०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालली. ये चुनशान नावाचे नट तिचे चालक होते. एवढ्या काळात तेथून सातशेहून अधिक मुले शिकून बाहेर पडली. शिक्षणाची मुदत सात वर्षांची असे. फी नाही, अन्नवस्त्र शाळेचे, आणि मुलाच्या अभिनयाची सारी मिळकतही शाळेची. पालकांनी लिहून द्यावयाच्या करारात, मुलगा आजाराने, अपघाताने वा अन्य रीतीने दगावल्यास शाळा जबाबदार नाही, अशा अर्थाचे कलम असे. गरिबीने गांजलेला बाप त्याखाली निशाणी करी आणि पोराचा हात शिक्षकाच्या हाती देई.

पहाटे उठून मोकळ्या जागी आवाज लावणे, पाय ताणणे, हातांवर उलटे उभे राहणे, कोलांट्या घेणे. मग पदे आणि संवाद. हे सारे गुरुमुखाने, कारण पुष्कळ मुलांना अक्षरओळखही नसे. पुरुषपात्र, स्त्रीपात्र, रंगविलेल्या चेहऱ्याचे उग्र पात्र आणि विदूषक या चार वर्गांपैकी कोणत्या वर्गात मुलाने जन्म काढावयाचा, हे त्याची चण, चेहरा आणि गळा पाहून शिक्षकच ठरवीत. शिकविण्याच्या क्रियेचे नावच त्या धंद्यात ‘नाटक मारून बसविणे’ अशा अर्थाचे होते. एक मुलगा चुकला की सगळ्या वर्गाला मार, हा दंडकही सर्वपरिचित होता.

या भट्टीतून मा लियनल्यांग, थान फूयिंग यांच्यासारखे मोठे नट बाहेर पडले, हे नाकारता येणार नाही. माझ्या सहाध्यापकांचे म्हणणे याच पुराव्यावर उभे आहे. परंतु आम्हां शिक्षकांना एक खोड असते. उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांची नावे आम्ही आमच्या पद्धतीच्या बाजूने साक्षीला काढतो. उरलेल्यांना साक्षीला बोलावीतच नाही. शिवाय जे यशस्वी झाले त्यांना वेताने घडविले, की वेत असूनही ते घडले, हा प्रश्न तसाच राहतो. सुदैवाने याच रंगभूमीच्या इतिहासात दोन मुलांची हकीकत अशी आहे की, ती शेजारी शेजारी ठेवली असता या प्रश्नावर पुष्कळ उजेड पडतो. दोघेही पुढे स्त्रीभूमिका करणाऱ्या चार श्रेष्ठ नटांत गणले गेले.

पहिला छंग यानछ्यू. याचा जन्म १९०४ सालचा. बाप वारलेला, घर दरिद्री झालेले. आईने सहाव्या वर्षी त्याला करार करून एका नटाच्या घरी शिकावयास ठेविले. तेथे घरकामाने पिचून निघावे आणि वर मार खावा, असा क्रम होता. पायांच्या व्यायामानंतर लगेच बसलेल्या माराने त्याच्या पायांत रक्ताच्या गाठी झाल्या आणि पुढे युरोपच्या प्रवासात एका जर्मन डॉक्टराकडून शस्त्रक्रिया करवून घेईपर्यंत त्या राहिल्या, असे त्याने स्वतःच लिहून ठेविले आहे. पण माराहून मोठे संकट पुढेच होते. मुलाला कंठ फुटतो त्या वयाला चिनी नट ‘कोठार कोसळणे’ म्हणतात. आणि ज्याचे सारे धान्य गळ्यात साठविलेले, त्याला ते नाव किती यथार्थ! या दिवसांत गळ्याला विसावा हवा. छंगच्या गुरूने मात्र त्याला शांघायला गावयास पाठविण्याचा घाट घातला. तेव्हा लो यिंगकुंग नावाच्या कविमित्राने १९१७ साली पैसे भरून त्या मुलाला करारातून सोडविले. गळा वाचला, आणि बदललेल्या त्याच आवाजातून पुढे ‘छंग शैली’ जन्मली. ही शैली वेताने दिली असे कोण म्हणेल? ‘आता थांब’ म्हणणारे कोणीतरी भेटले म्हणून ती जगाला मिळाली.

आपल्या नाटकमंडळ्यांतही पोरवयात घर सोडून आलेली मुले होतीच. केशवराव भोसले स्वदेशहितचिंतक मंडळीत आले ते लहानपणीच. कंठ फुटण्याचे भय आमच्या बालनटांनाही चुकले नव्हते. केशवरावांचे नाव राहिले. पण कंठ फुटला आणि पडद्यामागच्या कामाला लागली, अशा मुलांची नोंद ना पेकिंगात सापडते, ना पुण्यात.

दुसरा मुलगा मेई लानफांग. जन्म १८९४. मुलगा मंद आहे म्हणून पहिल्या शिक्षकाने त्याला शिकविणेच सोडून दिले होते. नंतर वू लिंगश्येन हे गुरू त्याला लाभले. ते तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. त्यांच्या शिकविण्याचे वर्णन मेईने आपल्या आठवणींत केले आहे, आणि मला तरी ते शिक्षणशास्त्राच्या कित्येक जाड ग्रंथांहून मोलाचे वाटते. वू यांच्या टेबलावर एक लाकडी पट्टी असे. ती ताल धरण्यासाठी होती आणि विद्यार्थ्यांना मारण्यासाठीही होती. पण मेईला त्यांनी ती कधी मारली नाही. पट्टीजवळ जुन्या नाण्यांची चळत असे. पदाचा एक भाग एकदा म्हणून झाला की एक नाणे उचलून लाखेच्या तबकात ठेवावयाचे. दहा झाली की ती पुन्हा मूळ जागी, आणि पुन्हा आरंभ. असे वीस-तीस वेळा. सहाव्या-सातव्या खेपेस पद येऊ लागले तरी मोजणी थांबत नसे. मुलाचे डोळे मिटू लागले तर गुरुजी त्याला हळूच हलवीत.

येथे कोणी म्हणेल, म्हणजे मेईने कष्ट केलेच नाहीत की काय? छे! स्त्रीभूमिकेसाठी लाकडी पायजोडे बांधून विटेवर उभे राहण्याचा सराव त्यानेही केला. त्याच्या वेदनांचे वर्णन त्याने केले आहे, आणि साठीच्या उंबरठ्यावर नृत्यप्रधान भूमिका पेलल्या त्या या मेहनतीच्या जोरावर, असेही कृतज्ञतेने म्हटले आहे. माझा मुद्दा हाच आहे. कष्ट निराळे आणि मार निराळा. कष्टांत मुलाचे लक्ष आपल्या पायांकडे असते; मारात ते गुरूच्या हाताकडे असते. एकाच दशकाच्या आगेमागे, एकाच नगरात, एकाच कलेत ही दोन मुले वाढली. एकाच्या वाट्याला वेत आला, दुसऱ्याच्या वाट्याला नाणी; कलेची उंची दोघांनीही गाठली. दोघांतले सामान्य कारण शोधू गेल्यास वेत गळून पडतो आणि पुनरावृत्ती शिल्लक राहते.

हे त्या मार खाल्लेल्या मुलाला आम्हां पंडितांच्या आधी कळले असावे. १९३० साली पेकिंगात मुलामुलींना एकत्र नाट्यशिक्षण देणारी आणि लेखनवाचनही शिकविणारी नवी शाळा निघाली, तिच्या स्थापनेत छंग यानछ्यूचा हात होता. १९५० नंतर सरकारी विद्यालये आली, आणि आज प्राथमिक शिक्षण संपविलेली मुले तेथे कलेबरोबर सामान्य विषयही शिकतात. लिहितावाचता येण्याचे महत्त्व केवढे, हे हाँगकाँगच्या उदाहरणावरून दिसते. तेथे यू जिमयूएन यांच्या शाळेत जुन्या रीतीने दहा दहा वर्षांच्या कराराने मुले शिकली. पण ती मोठी झाली तेव्हा ते नाटक पाहणारा प्रेक्षकच ओसरला होता. जॅकी चॅन, सॅमो हुंग यांना चित्रपटाने तारले. पण ज्याला कोलांटीवाचून दुसरे काही शिकविले नाही, त्याचे बालपण एका मावळत्या धंद्याकडे गहाण पडले होते, एवढे खरे.

वेताची तरफदारी ऐकली की हल्ली मला त्या टेबलावरच्या नाण्यांचीच आठवण होते. वेत उगारावयास क्षण पुरतो, आणि उगारणाऱ्यास आपण पुष्कळ शिकविले असे समाधानही मिळते. नाणी सरकविणाऱ्यास मात्र तिसाव्या खेपेपर्यंत मुलासमोर बसावे लागते, त्याच ओळी पुन्हा ऐकाव्या लागतात, आणि पेंगणारे पोर हळूच जागे करावे लागते. आम्ही प्राध्यापक लोक शंभर विद्यार्थ्यांपुढे तासभर बोलतो आणि घंटा झाली की वर्गाबाहेर पडतो. आमच्या हातचा वेत गेला याचे मला दुःख नाही. नाणी मोजावयास लागणारी सवड आणि सहनशीलता आमच्यापाशी किती उरली आहे, याची मात्र काळजी वाटते.