सिरसिल्ल्याला भेटलेली भिवंडी

आमच्या घरात प्रवासाला कारण लागायचं. लग्न, बारावं, नवस, नाहीतर मे महिन्यात पुण्याच्या मामाकडे. नुसत्या हौसेने कुणी कुठे गेल्याचं आम्हा भावंडांपैकी एकालाही आठवत नाही. वर्षातून एकदा वज्रेश्वरीला जायचो, तेही एसटीने. अकलोलीच्या गरम कुंडात पाय बुडवून ओरडायचं, वसईच्या विजयानंतर चिमाजीअप्पांनी बांधलेल्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या आणि दिवेलागणीला भिवंडीच्या स्टँडवर परत. आगगाडी पकडायची तर आधी कल्याण गाठावं लागे.

मामाच्या वाड्यात कुणी विचारलं, ‘कुठून आलात रे पोरांनो?’ की दादा सगळ्यांच्या वतीने सांगायचा, ‘कल्याणजवळून.’ भिवंडी म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. 1970 ची दंगल, मग 1984 ची, आणि मधल्या काळात यंत्रमागांची धूळ. ताई सोडली तर हे नाव उघड घेण्याचं धाडस आमच्यात कुणाचंच नव्हतं. तीही भांडणात हत्यार म्हणून वापरायची: ‘मी भिवंडीची आहे, नीट बोल.’

माग आमच्या परसातच होते. आजोबांनी गुरं विकली आणि गोठ्याची जागा भाड्याने दिली. तिथे आठ माग बसले. आजी म्हणायची, या खडखडाटात माझी जपमाळ चुकते. आम्ही मात्र त्या आवाजातच झोपायचो. रात्री वीज गेली, माग थांबले की सगळं घर दचकून जागं व्हायचं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचं बरंचसं काम भिवंडीच्या मागांकडे वळलं. काकांनी भाडं वाढवून घेतलं. त्याच सुमाराला वडिलांचे लालबागचे एक गिरणीकामगार मित्र उसने पैसे मागायला आले होते. दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर झाल्या, पण त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हे आम्हाला फार उशिरा कळलं.

कारखान्याला लागून दोन खोल्यांत मागदुरुस्ती करणाऱ्या जॉबरचं बिऱ्हाड होतं. ते पद्मशाली, मूळचे तेलंगणातले. त्यांची बायको आमची अक्का. ती दिवसभर कांड्या भरायची आणि आमच्या आईशी मराठीत, नवऱ्याशी तेलुगूत, मुकादमाशी हिंदीत एका दमात भांडायची. पितृपक्ष संपला की तिच्याकडे बतुकम्माचा सण. तरवडाची पिवळी आणि कुरडूची फुलं गोल रचून त्यांचा मनोरा करायचा, पद्मानगरच्या बायकांबरोबर त्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी तो तळ्यात सोडायचा. आमची आत्या शाळेत मुलींचा भोंडला घेणारी. ती एकदा बघायला गेली आणि फेरात शिरलीच. घरी येऊन म्हणाली, ‘आपला हत्ती तेवढा नाही, बाकी सगळं तेच.’

अक्काच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरलं 1986 च्या मे महिन्यात, त्यांच्या गावी, सिरसिल्ल्याला. तेव्हाच्या करीमनगर जिल्ह्यातलं हे विणकरांचं गाव. आमंत्रण रीतीपुरतं होतं, पण आत्याने ते मनावर घेतलं. आजीचा विरोध, वडिलांचं मौन, आणि काकांचा प्रश्न: ‘भाडेकरूच्या मुलीच्या लग्नाला परराज्यात जातं का कुणी?’ आत्या आम्हा चौघांना घेऊन निघाली.

कल्याणहून मनमाड. तिथे मोठी गाडी सोडून मीटरगेजची अजंता एक्सप्रेस. तो छोटा डबा, परभणी-नांदेडकडची माणसं, प्रत्येकाच्या फडक्यात ज्वारीची भाकरी. एका आजोबांनी आम्हाला ठेचा दिला आणि आमचे चेहरे बघून डबाभर हसले. ताई म्हणते आजोबा परभणीला उतरले, धाकटा म्हणतो नांदेडला. या एका मुद्द्यावर आमचा आजही समझोता नाही. पहाटे पाट्यांवरची अक्षरं बदलली. कामारेड्डीला उतरून आंध्र प्रदेशच्या एसटीने सिरसिल्ला.

बसमधून उतरलो आणि खडखडाट ऐकू आला. तसाच, त्याच तालात. धाकटा म्हणाला, ‘अरे, आपलं परस!’ भिवंडीत राबून परतलेल्यांनी इथे माग टाकलेले होते. आणि मग सुरू झाला तो प्रश्न, जो त्या चार दिवसांत आम्ही घरोघरी ऐकला: ‘भिवंडी नुंची वच्चारा?’ भिवंडीहून आलात? विचारणाऱ्याचा चेहरा इथेही बदलायचा, पण उलट दिशेने. कुणी खाट झटकून बसायला द्यायचं, कुणी सकिनालूंची परडी पुढे करायचं. चकलीची चपटी चुलत बहीण म्हणावी असा तो तांदळाचा पदार्थ. त्या गावाला मुंबई ऐकून माहीत होती, भिवंडी राहून माहीत होती. दादाचं ‘कल्याणजवळून’ तिथे कुणाला कळलंच नसतं.

लग्न पहाटे लागलं. मुहूर्ताला वधूवरांनी एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गूळ ठेवला. आमच्या लेखी हा लग्नातला सगळ्यात मजेदार विधी. पण लग्नापेक्षा लक्षात राहिला तो अक्काचा चुलतसासरा. सगळे त्याला ताता म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. ऐन उमेदीची वर्षं त्याने भिवंडीत काढली होती. दख्खनी हिंदीत त्याने आमची परीक्षाच घेतली. धामणकर नाक्यावरून नारपोलीला जाताना डाव्या हाताला काय? वऱ्हाळा तलावाचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जातं? आम्ही त्याच गावात जन्मलेलो आणि निम्म्या प्रश्नांवर गप्प.

तो सांगायचा ती भिवंडी आम्ही पाहिलेलीच नव्हती. बारा तासांची पाळी. एका खोलीत दिवसपाळीची माणसं उठली की त्याच चटयांवर रात्रपाळीची आडवी होणार. बिशीतलं, म्हणजे कामगारांच्या खानावळीतलं जेवण, महिन्याचा हिशेब, गावी पाठवायची मनीऑर्डर. कापसाच्या धुळीने धरलेला खोकला तो अजून खोकत होता. गोठ्यातल्या कारखान्यातले लोक झोपतात कुठे, हा प्रश्न आमच्यापैकी कुणालाही कधी पडला नव्हता. आत्याने विचारलं, ‘मग भिवंडीचा राग नाही येत?’ ताता म्हणाला, या घराच्या भिंती भिवंडीच्याच आहेत की.

तिसऱ्या दिवशी वऱ्हाड वेमुलवाड्याला राजराजेश्वराच्या दर्शनाला गेलं. नवस फेडायला भाविक खोंडाला दोरी धरून देवळाला प्रदक्षिणा घालायला लावतात. तेही बघण्यासारखं, पण आम्ही थबकलो दुसऱ्याच गोष्टीपाशी. देवळाच्या आवारातच दर्गा होता. महादेवाला नमस्कार करून आलेल्या बायका तिथेही डोकं टेकत होत्या, त्यात विशेष काही आहे असं कुणाच्या गावीही नव्हतं. आमच्या डोळ्यांसमोर अजून 84 चा संचारबंदीतला मे महिना होता. ताई त्या आवारात पाच मिनिटं नुसती उभी होती. एरवी ती पाच मिनिटं गप्प राहत नाही.

घरी आल्यावर आजीला हे सांगितलं. ‘देवळात दर्गा?’ तिने तीनदा विचारलं. मग बऱ्याच वेळाने, वातींचा कापूस पिंजता पिंजता म्हणाली, ‘तुमच्या बापाला लहानपणी ताप उतरेना, तेव्हा मी दिवाणशहाच्या दर्ग्यात नेलं होतं.’ वडिलांनाही हे माहीत नव्हतं. दंगलींनी घरं जाळली हे आम्ही पाहिलं होतं. आमच्या आजीचा एक किस्साही त्यात गडप झाला होता, हे सिरसिल्ल्याला गेलो नसतो तर कळलं नसतं.

प्रवासाने एका झटक्यात माणूस बदलतो, असं मला वाटत नाही. काकांनी पुढच्या वर्षी भाडं पुन्हा वाढवलंच. पण वडिलांनी कारखान्याच्या मागे न्हाणीघर बांधून दिलं, आणि दादा पुण्यात ‘भिवंडी’ म्हणू लागला. नव्वदीच्या अखेरीपासून सिरसिल्ल्याच्या विणकरांच्या आत्महत्या छापून येऊ लागल्या. तेव्हा आत्या पेपरमधली नावं अक्काला वाचून दाखवायची आणि अक्का एकेक घर ओळखायची. इतर घरांत ती आंध्रातली बातमी असेल, आमच्याकडे ती त्या सकिनालूंच्या परड्यांच्या गावाची होती. 2017 मध्ये तेलंगण सरकारने बतुकम्मा साड्यांचं काम सिरसिल्ल्याला दिलं, तेव्हा अक्काच्या मुलीने फोनवर मागांचा आवाज ऐकवला.

आमच्या परसात आता माग नाहीत. जागा गोदामाला गेली, भिवंडीत जागा जातात तशी. चार भिंती सोडून पलीकडच्या कारखान्यात अजून माग चालतात. तिथले कारागीर उत्तर प्रदेशातल्या मऊचे. तेही विणकरांचंच गाव. त्यांतल्या एका चाचांनी मुलाच्या लग्नाचं आमंत्रण दिलं आहे, आणि या वेळी रीतीपुरतं नव्हे. काशी एक्सप्रेस कल्याणहून थेट मऊला जाते, मध्ये गाडी बदलायला नको. दादाने तिकिटं काढली आहेत. धाकटा आत्तापासून विचारतोय की तिथले लोक भिवंडीचं काय काय विचारतील, आणि रोज संध्याकाळी नारपोलीपर्यंत पायी जाऊन रस्त्याची डावी बाजू पाठ करतोय. वहिनीची अट एकच: येताना बनारसला एक दिवस साडीखरेदीसाठी राखून ठेवायचा.