कर्नाळ्याची वाट, न कापता

गेले तीन वीकांत मी एकच उद्योग करतोय. अंगावर बांधून चालता येईल असा कॅमेऱ्याचा सपोर्ट शोधतोय. घरात एवढे पट्टे आणि बक्कल जमा झालेत की बायकोने विचारलं, "विमानातून उडी मारणार आहेस का?"

कारण आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं नुसत्या हौसेचं वाटेल. माझी आई मूळची पनवेलची. कर्नाळा म्हणजे तिचा घरचाच डोंगर. लग्नाआधी किती वेळा चढली असेल त्याचा तिलाही हिशोब नाही. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. आता सपाटीवर ती छान चालते, पण किल्ला बंद. तिने त्याचं दुःखबिख केलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "मला ती वाट बघायचीय रे. गेटापासून सुळक्यापर्यंत. मधलं कापू नकोस आणि त्याच्यावर गाणं लावू नकोस."

एवढी स्वच्छ रिक्वायरमेंट मला ऑफिसात कधी मिळालेली नाही :)

अडचण अशी की तिला हलणारं चित्र बघवत नाही. भाच्याने पावसाळ्यात फोनवर काढलेलं शूटिंग तिने जेमतेम दीड मिनिट बघितलं आणि फोन पालथा ठेवला. गरगरायला लागलं. डोळे सांगतात आपण चालतोय, आतला कान सांगतो आपण सोफ्यावर बसलोय, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. दोन मिनिटांच्या क्लिपला हे चालून जातं. मला दीड-दोन तासांची वाट दाखवायचीय. म्हणजे चित्र स्थिर असणं ही हौस नाही, ती पहिली अट आहे. ती जमली नाही तर आई ते बघणारच नाही, मग बाकी कॅमेरा कितीही भारी असो.

ड्रोन का नाही, हे तीन जणांनी विचारलं. एक तर ते अभयारण्य आहे, परवानगीशिवाय तिथे ड्रोन उडवता येत नाही. दुसरं म्हणजे ड्रोनमधून झाडांचे शेंडे दिसतात, वाट नाही दिसत.

आता हलतं ते नेमकं काय? आपण चालताना प्रत्येक पावलाला डोकं काही सेंटिमीटर खालीवर होतं. आपल्याला ते जाणवत नाही, कारण डोळे सतत उलट दिशेला फिरून ते सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला ही सोय नाही. ती बाहेरून जोडायची, एवढाच सगळा खेळ.

तो पहिल्यांदा नीट जमवला गॅरेट ब्राउन या अमेरिकन माणसाने. स्टेडिकॅम त्याचाच. १९७६ मध्ये 'बाउंड फॉर ग्लोरी' आणि 'रॉकी' या सिनेमांत तो लोकांनी बघितला. त्याआधी ब्राउनने नमुना म्हणून काही शॉट घेतले होते. त्यात त्याची मैत्रीण फिलाडेल्फियाच्या म्युझियमच्या पायऱ्या धावत चढते आणि कॅमेरा तिच्या मागे. रॉकीचा तो पायऱ्यांचा प्रसिद्ध सीन त्यातूनच सुचला. मला मात्र त्याचं दुसरं काम जास्त जवळचं वाटलं. १९८३ च्या 'रिटर्न ऑफ द जेडाय'मध्ये जंगलातून सुसाट जाणाऱ्या उडत्या बाइक आहेत ना, त्यामागचं जंगल ब्राउनने चालत शूट केलंय! रेडवुडच्या झाडांतून सावकाश चालायचं आणि सेकंदाला एकाहूनही कमी फ्रेम घ्यायच्या. मग नेहमीच्या वेगाने दाखवलं की जंगल भन्नाट पळतं. म्हणजे झाडीतून, खाचखळग्यांतून अंगावर कॅमेरा बांधून चालणं हा प्रकार नवा नाही. आपलीच सवय नवी आहे.

स्टेडिकॅमची युक्ती डोंबाऱ्याच्या खेळात लहानपणी सगळ्यांनी बघितलेली आहे. दोरीवर चालणाऱ्या पोरीच्या हातात लांबलचक काठी असते. वजन मधोमध न ठेवता लांबवर पसरलं की ते फिरवायला कठीण जातं, छोटे धक्के त्याला हलवूच शकत नाहीत. ब्राउनने कॅमेरा वर, बॅटरी आणि मॉनिटर खाली, मधे दांडा, आणि तोल जिथे साधतो त्याच्या किंचित वर पकडायची जागा असं केलं. ती जागा स्प्रिंगच्या हाताला जोडली आणि तो हात अंगातल्या जॅकेटला. पावलांचा धक्का स्प्रिंग खाते, मनगटाचा धक्का गिंबलचा सांधा खातो.

यातून एक उलटी गोष्ट निघते. हलका कॅमेरा जास्त हलतो. फोन हाच सगळ्यात वाईट! त्याला मुद्दाम वजन जोडावं लागतं. २००० च्या दशकात जॉनी ली नावाच्या तरुणाने १४ डॉलरमध्ये पाईप आणि जिमचं वजन वापरून घरगुती स्थिरक बनवून दाखवला होता. मी पनवेलला हार्डवेअरच्या दुकानातून जीआय पाईप आणि टी-जॉइंट आणून तसा एक जोडला. पार्किंगमध्ये झकास चालतो. पण दहा मिनिटांत हात भरून येतो.

आणि इथे मुद्दा येतो तो वजनाचा, किंबहुना वजन कुठे टेकवायचं त्याचा. गणपतीत ढोल पथक बघा. ताशा गळ्यात अडकवतात, पण ढोल कमरेला बांधतात. तासन्‌तास वाजवायचं तर जड वस्तू कमरेवरच हवी. ट्रेकच्या सॅकलाही म्हणूनच कमरेचा पट्टा असतो. जो सपोर्ट वजन खांद्यावर ठेवतो तो दुकानात पाच मिनिटं घालून बघताना छान वाटतो आणि अर्ध्या तासाने मान खातो. हे घालून बघायचं असेल तर दुकानातल्या आरशासमोर नको, जिन्यात घालून बघा. मी आमच्या बिल्डिंगचे सात मजले चढलो. वॉचमनला वाटलं सिरियलचं शूटिंग आहे.

मग अंधेरीहून जॅकेट आणि स्प्रिंगचा हात असलेला पूर्ण सेट दोन दिवस भाड्याने आणला आणि फक्त बघायला म्हणून कर्नाळ्याला गेलो. खालच्या रुंद वाटेवर स्वर्ग! चित्र तरंगत जातं. वाट चढायला लागल्यावर कळलं की हा प्रकार सपाट जमिनीसाठी आहे. पोटासमोर दांडा, त्यामुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत. एक हात कायम दांड्याला, आणि वरच्या टप्प्यात हात खडकाला लागतात. धारेवर वारा सुटला की अख्खा दांडा वातकुक्कुटासारखा फिरतो. आणि सुळक्यावर आग्यामोहोळ आहेत. तिथे माश्या उठल्या तर अंगावरचं सगळं दोन सेकंदांत सुटलं पाहिजे, हा विचार कुठल्याही रिव्ह्यूमध्ये नसतो. मी तेव्हापासून प्रत्येक पट्ट्याचं बक्कल एका हाताने सुटतं का ते आधी बघतो.

मोटरवाला गिंबल वाऱ्याला ऐकत नाही, ही त्याची जमेची बाजू. २०१३-१४ मध्ये मूव्ही आणि रोनिन आल्यापासून हे सगळं आवाक्यात आलं. पण तीन अक्षांचा गिंबल फक्त फिरणं थांबवतो, खालीवर होणं नाही. त्यासाठी गुडघे वाकवून मांजरपावलांनी चाला म्हणतात. चाला, कर्नाळ्याच्या चढावर! शिवाय कॅमेऱ्यासकट माझा सेट दोन किलोच्या वर जातो, आणि तो हात पुढे करून धरायचा.

छातीवर ॲक्शन कॅमेरा हा सगळ्यात सोपा उपाय. हात मोकळे, पाय दिसतात, वजन नगण्य. त्याची अडचण उजेडाची आहे. कर्नाळ्याच्या झाडीत सकाळी अंधारच असतो. उजेड कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं राहतं आणि प्रत्येक फ्रेममध्येच धक्क्याचा फराटा उमटतो. सॉफ्टवेअर फ्रेम सरळ लावतं, आतला फराटा पुसत नाही. चित्र जागेवर, पण थरथरतंय असं काहीतरी विचित्र दिसतं. आईने ते दोन मिनिटं बघितलं आणि चष्मा पुसायला घेतला.

तर ठरलंय ते असं. झाडीतल्या टप्प्यासाठी गिंबल, पण हातात नाही, डोक्यावरून येणाऱ्या दोरीला टांगलेला. १९९० च्या दशकात योहान हेल्स्टेन या स्वीडिश कॅमेरामनने पाठदुखीतून काढलेल्या ईझीरिगची ही जात. पाठीमागून एक दांडा डोक्यावर येतो, त्यातून दोरी खाली, आणि सगळं वजन कमरेच्या पट्ट्यावर. तो स्वतः चित्र स्थिर करत नाही, फक्त हात रिकामा ठेवतो. खालीवर होणं कमी करायला दोरीत स्प्रिंग. पाय दिसतात, आणि अडचण आली तर गिंबल छातीशी धरून एक हात मोकळा करता येतो. कर्णाई देवीच्या देवळापाशी हे सगळं उतरवायचं. पुढे किल्ल्यावर उजेड भरपूर, तिथे छातीवरचा कॅमेरा.

म्हणजे एक जोड आला. "कापू नकोस" ही अट मोडते. घाबरत घाबरत आईला सांगितलं. ती म्हणाली, "देवळापाशी आम्हीही बसायचोच की पाणी प्यायला."

सध्या स्प्रिंगचा ताण लावतोय. गिंबलच्या जागी पाण्याच्या दोन बाटल्या टांगतो, जिना चढतो, उतरतो, अर्धा पेला ओततो, परत चढतो. काल पाचव्या मजल्यापर्यंत बाटल्या जवळजवळ जागेवर राहिल्या.