खारघरहून आबांना

खारघर, शुक्रवार

ती. आबांना सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. पनवेलला एसटीतून उतरून लोकल धरली. खांदेश्वर, मानसरोवर, मग खारघर. ताई न्यायला आली होती. हिच्या खिडकीतून डोंगर दिसतो, सध्या त्यावरून पाणीच पाणी. पांडवकडा तिथलाच, पण पावसाळ्यात पोलीस तिकडे जाऊ देत नाहीत. संध्याकाळी मेट्रोनं फिरवून आणलं. 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेली ही बेलापूर–पेंधर गाडी, अकरा स्थानकं. बेलपाडा, पेठपाडा अशी पाड्यांची नावं पुकारली जातात आणि बाहेर बघावं तर नुसते टॉवर. जेवणाची आबाळ नाही, काळजी नसावी.

उद्या ताईच्या ओळखीच्या एका महाविद्यालयात कादंबरीवाचन आहे. लेखिका इथलीच, पहिलंच पुस्तक.

आपली,
शोभा

खारघर, रविवार

ती. आबांना सा. न. वि. वि.

कालचं वाचन तुम्ही ऐकायला हवं होतं. प्रास्ताविक सोडून. सरांनी थेट ‘कोसला’पासून सुरुवात केली: 1963 साल, नेमाडे जेमतेम पंचविशीचे, वगैरे. पहिली कादंबरी लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यावर हे गाठोडं ठेवल्याशिवाय आपल्याकडे माइक हातात देत नाहीत.

मुलगी आगरी घरातली, तिशीच्या आतली. कादंबरी एका भातशेती करणाऱ्या घराची. 1970 मध्ये सिडको आली, नवी मुंबईसाठी गावंच्या गावं संपादनात गेली, शेतांचे सेक्टर झाले. दि. बा. पाटलांच्या पुढारीपणाखाली उरणकडे 1984 च्या जानेवारीत आंदोलन पेटलं, गोळीबारात पाच माणसं गेली. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्यानंतरची. हे सगळं तिनं भाषणात नाही सांगितलं. आजोबा मोबदल्याचा चेक उशीखाली ठेवून झोपतात, त्या प्रकरणातून ते आपोआप येत गेलं. सुरुवातीला भराभर वाचत होती, घशाला कोरड पडलेली कळत होती. संवाद आगरीत आले तशी सावरली. मागच्या रांगेतली मुलं मोबाइल ठेवून हसायला लागली.

पुढच्या रांगेत तिच्या घरचे बसले होते. चेकच्या पैशांतून घर बांधलं, असं तिनं वाचलं, तशी एक म्हातारी बसल्या जागेवरून म्हणाली, “घर नाय ग, आधी डंपर घेतला!” सभागृहात हशा. मुलगी पण हसली, म्हणाली, “आत्ये, डंपर पुढच्या पानावर आहे.” म्हातारीचं समाधान झालं नाही. कुठल्या रंगाचा, ते विचारलं. मला वाटतं, एवढा कडक परीक्षक त्या पुस्तकाला पुन्हा भेटणार नाही. समीक्षक फार तर शैलीबद्दल बोलतील. डंपरचा रंग कोण तपासणार?

नंतर प्रश्न. एका मुलानं विचारलं, कादंबरीवर पोट भरतं का? सर जरा अवघडले. ती म्हणाली, नाही, मी तासिका तत्त्वावर शिकवते. मला लगेच आपल्या जत तालुक्यातले, निगडीचे नवनाथ गोरे आठवले. ‘फेसाटी’ ही त्यांची पहिलीच कादंबरी, 2018 ला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. आणि 2020 च्या टाळेबंदीत तासिकांचं काम बंद पडलं तेव्हा हाच माणूस मजुरीला गेला. पेपरात फोटो आला तेव्हा तुम्ही दिवसभर कुणाशी बोलला नव्हता. इथंही शाल-श्रीफळ झालं, फोटो झाले. मानधनाचं पाकीट दिलं की नाही ते काही दिसलं नाही, आणि विचारणं बरं दिसलं नसतं. पुस्तकं मात्र तिची तीच पिशवीतून काढून विकत होती, सुट्ट्या पैशांची मारामार चाललेली.

ताईनं दोन प्रती घेतल्या, एक तुमच्यासाठी. आगरी डोळ्यांना अडेल, तेव्हा मोठ्यानं वाचा. आईलाही ऐकू जाईल. बुधवारी रात्रीच्या गाडीनं निघते. स्टँडवर यायची गरज नाही, मी रिक्षा करीन.

आपली,
शोभा